होयबा

पिशवीवाल्या ताई कुणाच्याही घरी गेल्या, की पहिली दहा मिनिटं मुलाला हात लावत नसत. फरशीवर बसकण मारायची, पिशवीतून एकेक वस्तू काढून पुढ्यात मांडायची, आणि मग घरातल्या मोठ्या माणसांशी इकडचं तिकडचं बोलत राहायचं. मुलाकडे बघायचंसुद्धा नाही. लाकडी चमचा, घट्ट झाकणाचा डबा, न फुटणारा आरसा, गाठी मारलेला रुमाल. पोर आधी आईच्या पाठीआडून डोकावायचं, मग सरकत सरकत जवळ यायचं, आणि एकदा का त्यानं चमचा उचलून डब्यावर आपटला, की ताई त्याच्याकडे वळून म्हणायच्या, "अस्सं. म्हणजे तू वाजवणारा आहेस तर."

बघणाऱ्याला काम एवढंच दिसायचं. एका छोट्या संस्थेत त्या नोकरीला होत्या. वस्तीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या घरी पंधरा दिवसांतून एकदा जायचं, मूल कसं वाढतंय ते पाहायचं, आईबापांना मुलाशी बोलायला-खेळायला लावायचं, आणि काही खटकलं तर कागदावर नोंदवून वर कळवायचं. शेजारपाजारचे चेष्टेनं म्हणत, या बाईला खेळायचा पगार मिळतो. ताईही हसून म्हणत, हो, आणि हरायचा भत्ता वेगळा.

त्याआधी अकरा वर्षं त्यांनी तयार कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवल्या होत्या. दिवसभर फक्त कॉलर. सबंध सदरा कसा दिसतो ते दुकानाच्या काचेतच बघायचं. धाकटी लेक दोन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द काढेना, तेव्हा अशीच एक बाई पिशवी घेऊन त्यांच्या घरी आली होती. तिनं औषध दिलं नाही की उपदेश केला नाही. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना जे करतेस ते मुलीला सांगत राहा, एवढंच म्हणाली. सहा महिन्यांत लेक बोलायला लागली ती अशी, की आता तिला गप्प कसं करायचं हे शिकवायला कुणी येत नाही, असं ताई सांगत. त्या बाईनं निवृत्त होताना स्वतःची जागा ताईंना मिळवून दिली. प्रशिक्षण झालं, परीक्षा झाली, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी ताईंनी शिलाई मशीनवरून पाय काढला तो काढलाच.

चौदा वर्षं निभावलं. मधे एकदा मात्र पाय घसरला. एका घरात दीड वर्षाचा मुलगा हाक मारली तरी वळत नव्हता. ताईंनी आईला सांगून टाकलं की याला ऐकू येत नसावं. तपासणीत निघाला कानातला मळ. मळ काढला आणि पोरगं दाराच्या कडीच्या आवाजानंही वळायला लागलं. पण तोवर आठवडाभर त्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. मुलाच्या आजीनं सबंध इमारतीला ऐकवलं की या बाईनं माझ्या नातवाला बहिरा ठरवला. तक्रार झाली. ताईंना लेखी पत्र मिळालं: कार्यकर्तीनं निदान करू नये, निरीक्षण नोंदवावं. ते पत्र त्यांनी कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. तेव्हापासून प्रत्येक वाक्य त्या ओठाशी आणून एकदा चाचपून मगच बाहेर सोडत.

या गोष्टीला दोन वर्षं झाली असतील, तेव्हाचा हा प्रसंग.

टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं एक घर होतं. तिथं एक निवृत्त बसचालक, त्यांची लेक आणि लेकीचा सात महिन्यांचा मुलगा राहत. जावई दुसऱ्या शहरात लिफ्ट बसवायच्या कामावर. महिन्यातून दोनदा यायचा. लेक एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला होती आणि मूल पाच महिन्यांचं झाल्यावर पुन्हा कामावर जायला लागली होती. दिवसभर नातू आजोबांच्या ताब्यात. आजोबांनी एकाच मार्गावर एकतीस वर्षं बस चालवलेली. आता त्यांनी दाराच्या मागं वेळापत्रक लावलं होतं: दूध, झोप, गॅलरीत फेरफटका, पुन्हा दूध. नातू उशिरा उठला तर म्हणायचे, गाडी लेट आहे. लंगोट बदलायला ते ताईंकडूनच शिकले होते आणि आता या बाबतीत लेकीच्या चुका काढत.

ताईंना हे घर फार आवडायचं. मूल चार महिन्यांचं असताना आरशात स्वतःला बघून खदखदून हसलं होतं. आजोबांचा चष्मा ओढून पाडणं हा त्याचा धंदाच होता. मधे एकदा ताई तापानं पडल्या, एकदा हे लोक जावयाकडे गेले होते. अशा दोन भेटी चुकल्या. सहा आठवड्यांनी एका गुरुवारी दुपारी ताई जिना चढून आल्या, तेव्हा आजोबा दारातच म्हणाले की आज आमच्याकडे नवीन खेळ आहे, तुम्ही नाही शिकवलेला.

नातू नुकताच उठला होता. आजोबांनी त्याला मांडीवर घेतलं.

"विचारा याला काहीही. नाही म्हणायचा नाही. मी त्याचं नावच होयबा ठेवलंय. साहेबापुढं माना डोलवणारे पुष्कळ बघितले, पण एवढा इमानदार कुणी नाही." मग नातवाकडे वाकून त्यांनी विचारलं, "आजोबांनी बस कधी ठोकली नाही, खरं ना?"

मुलाची मान झपकन छातीवर आली. दोन्ही हात बाजूला फाकले, गुडघे किंचित पोटाशी गेले, आणि पापणी लवायच्या आत सगळं पूर्ववत झालं.

"ताई आवडतात ना तुला?"

पुन्हा मान.

पहिल्या दोन वेळा ताईही हसल्या. तिसऱ्या वेळी त्यांचं लक्ष हातांकडे गेलं. होकार देणारं मूल हात कशाला फाकवील? चौथ्या वेळी आजोबांना खोकला आला होता, त्यांनी काही विचारलंच नव्हतं, तरी मान खाली आली. ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ सेकंद. नऊ सेकंद. पुन्हा आठ. त्या मोजत राहिल्या. अकराव्या झटक्यानंतर मूल अचानक कळवळून रडलं, जसं कुणी विनाकारण चापट मारावी तसं, आणि मग आजोबांच्या छातीवर मलूल होऊन पडलं.

ताईंनी पिशवीतून आरसा काढून त्याच्यासमोर धरला. मुलाची नजर आरशावर आली आणि तशीच पलीकडे निघून गेली.

नऊ वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात, जेवणानंतर अर्धा वर्ग पेंगत असताना, एका डॉक्टरीणबाईंनी चार मिनिटांची चित्रफीत दाखवली होती. तिला आवाज नव्हता. पलंगावरचं एक बाळ मान टाकत होतं, हात फाकत होतं, थांबत होतं, पुन्हा तेच. हा मेंदूतला आजार आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दिसायला दचकल्यासारखा, कुणाला पोटदुखी वाटतो, कुणाला गंमत वाटते. तुम्हाला हा नोकरीभर दिसणार नाही कदाचित. पण दिसला तर आठवडे जाऊ देऊ नका, कारण शिकलेलं एकेक पुसलं जातं. आणि दाखवायला न्याल तेव्हा मूल शांत असेल, म्हणून त्याचं चित्रण सोबत न्या.

ताईंनी आरसा खाली ठेवला, आवाज मात्र नेहमीचाच ठेवला. हे कधीपासून करतोय, विचारलं. बारा दिवस झाले असतील, आजोबा म्हणाले. झोपेतून उठला की करतो. पोटात गॅस होत असेल म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवलंसुद्धा. तिथं गेल्यावर पठ्ठ्या गुपचूप पडून राहिला. डॉक्टरांनी थेंब दिलेत. ताईंनी विचारलं, हसतो का हल्ली. आजोबा जरा थांबले. दात येतायत ना, म्हणाले, किरकिर असते.

मग ताईंनी शब्द चाचपून चाचपून सांगितलं की मला हे होकार देणं वाटत नाही, मुलांच्या मोठ्या रुग्णालयात लवकर दाखवायला हवं, आणि तुमची हरकत नसेल तर पुढच्या वेळी मान हलवताना फोनवर चित्रण करू. आजोबांचा चेहरा बदलला. त्यांनी नातवाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, ताईंपासून लांबच्या.

"ताई, तुम्ही खेळ शिकवता. खेळच शिकवा," ते म्हणाले. "माझ्या नातवाच्या डोक्यात काही बिघाड आहे असं तुम्ही म्हणताय. ते मी ऐकून घेणार नाही."

ताई उठल्या. त्यांनी चमचा, डबा, आरसा, रुमाल पिशवीत टाकले.

जिन्यात येऊन त्यांनी कार्यालयात फोन लावला. तिथल्या मुख्य बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की निरीक्षणाचा अर्ज भरून द्या, आपल्या ठरलेल्या डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी मिळेल. तोवर घरी आजाराचं नाव काढू नका. मागचं पत्र आठवतंय ना? ताई म्हणाल्या, आठवतंय.

फोन ठेवून त्या पायरीवरच बसल्या. खालच्या दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं. यंत्र धडधडायचं आणि थांबायचं. तीन आठवडे. चुकीचं निघालं तर नोकरी जाईल हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. घरी नवऱ्याच्या गुडघ्यानं दगा दिला होता, तो बसून होता. लेक अजून शिकत होती. आणि पुन्हा नुसता मळच निघाला तर? पुन्हा एका घराचा आठवडा नासला तर? दोन वर्षं त्या जपून बोलत आल्या होत्या, आणि जपून बोलणाऱ्या माणसाची चूक कुणाच्या नजरेत येत नाही. वर दार लोटलं गेल्याचा आवाज आला, तशा त्या उठल्या आणि हॉटेलच्या दिशेनं चालू लागल्या. मुलाच्या आईबापांना कामाच्या जागी गाठायचं नाही, हाही संस्थेचा नियम होता.

धुलाईखाना हॉटेलच्या तळघरात होता. वाफेनं भिंती ओल्या, चादरींचे ढिगारे माणसाच्या छातीपर्यंत. मुलाची आई आणि तिच्यासोबतची एक बाई चादर समोरासमोर धरून घड्या घालत होत्या. दोन पावलं पुढं, टोकाला टोक, दोन पावलं मागं. ताईंना बघताच तिच्या हातातलं टोक सुटलं.

"काय झालं त्याला?"

काही झालं नाही, तो घरी बरा आहे, असं ताईंनी आधी सांगितलं. मुकादमानं पाच मिनिटं दिली. मशीनच्या घरघरीत, चादरींच्या ढिगामागं उभं राहून ताईंनी जे पाहिलं ते सांगितलं. आजाराचं नाव घेतलं नाही. पण हे लवकर तपासायला हवं, कदाचित मी चुकत असेन आणि चुकले तर तुझ्या पाया पडेन, असं म्हणाल्या.

आई ऐकता ऐकता भिंतीला टेकली.

"मला वाटलं रुसलाय," ती म्हणाली. "मी कामावर यायला लागले म्हणून. घरी गेल्यावर मी पुढं येते तर तो माझ्याकडे बघतच नाही, ताई. मला ओळखतच नाही असं करतो. मी बाबांना सांगितलं नाही. मला वाटलं, माझीच शिक्षा आहे ही."

ताईंनी तिचा ओला हात धरला. रुसण्याइतका हिशेब सात महिन्यांच्या मुलाला करता येत नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

आई लगेच निघायला तयार होती. ताईंनीच तिला थांबवलं. नुसतं मूल नेलं आणि ते तिथं शांत झोपलं, तर थेंब देऊन परत पाठवतील, जसं एकदा झालंय. आज उद्यात चित्रण मिळालं पाहिजे. उद्या दुपारी तो झोपून उठेल तेव्हा तू घरी राहा, मी येते. आणि रात्रीत श्वास अडकला, ओठ निळे पडले, तर मला फोन करत बसू नकोस, सरळ रुग्णालय गाठ.

त्या रात्री ताईंना झोप लागली नाही. पहाटे आईनं फोनवर चित्रण करून पाहिलं, पण अंधारात नुसता पांघरुणाचा काळा गोळा आला. जावयाला फोन झाला. तो बिचारा म्हणाला, बाबा म्हणतील तसं करा, मी इथून काय सांगू. बाबा काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

शुक्रवारी एक वाजता ताई पुन्हा त्या घरात होत्या. आई अर्धी रजा टाकून आली होती. मूल झोपलं होतं. आजोबा खिडकीपाशी सगळ्यांकडे पाठ करून बसले होते. त्यांनी चहा करून ताईंपुढं ठेवला, पण पेला जरा जोरात ठेवला. वेळापत्रकाप्रमाणे उठायची वेळ दोनची. दोन वाजले. सव्वादोन झाले. खाली यंत्र धडधडायचं, थांबायचं. आईनं फोन दोनदा उघडून बॅटरी पाहिली.

दोन चाळीसला मूल उठलं. आईनं त्याला खाली गोधडीवर ठेवलं आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे चेहरा आणि हात दोन्ही दिसतील असा फोन धरला.

काही झालं नाही. मूल डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडलं. एक मिनिट गेलं. तीन मिनिटं गेली. आईचा हात दुखायला लागला, तो तिनं दुसऱ्या हातानं सावरला. पाच मिनिटांनी आजोबा खिडकीतून वळले.

"बघितलंत?" ते म्हणाले. आवाजात राग होता आणि सुटकाही होती.

ताईंना कपाटातलं पत्र दिसलं. मोठ्या बाईंचा आवाज ऐकू आला. आपण या पोरीला काल चादरींच्या ढिगामागं उगीच रडवलं, असं एक क्षण त्यांना अगदी आतून वाटलं आणि त्याहून विचित्र म्हणजे तसंच असावं अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी पिशवीचा बंद धरला.

तेवढ्यात मान झपकन खाली आली.

"थांबवू नकोस," ताई हळूच म्हणाल्या. "धरून राहा."

हात फाकले. गुडघे वर आले. सुटले. पुन्हा. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण फोन हलला नाही. आजोबा उठून गोधडीपाशी आले आणि गुडघ्यांवर बसले. ते नातवाकडे असे बघत होते, जसं घाटात ब्रेक लागतायत की नाही ते पायानं चाचपावं.

"दुखतंय का रे तुला?" त्यांनी विचारलं.

मान झाली.

आजोबा त्याच्या कानाशी वाकले. मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "नाही ना दुखत?"

मान झाली.

पुढं त्यांनी काही विचारलं नाही. सव्वीस झटके झाले. सबंध वेळ ते गुडघ्यांवर बसून होते, आणि त्यांचा एक हात नातवाच्या अंगावर, न टेकता, वितभर वर थांबलेला होता. मूल रडायला लागल्यावर त्यांनीच त्याला उचललं.

"मोठ्या रुग्णालयाची नाव नोंदवायची खिडकी चारला बंद होते," ते म्हणाले. "चपला घाला."

टॅक्सी मिळायला दहा मिनिटं गेली. मुख्य रस्त्यावर शाळा सुटल्याची गर्दी. आजोबा चालकाशेजारी बसले आणि पुढचा अर्धा तास त्यांनी त्या माणसाला श्वास घेऊ दिला नाही. इथून डावीकडे, आगाराच्या मागून काढ, हा सिग्नल लांब असतो, पुलाखालून घे. मागच्या बाजूला आई मुलाला छातीशी धरून होती आणि ताई घड्याळ बघायचं नाही असं ठरवून बघत होत्या. पुलाखाली एक मालमोटार आडवी लागली होती. तिथं बारा मिनिटं गेली.

खिडकीपाशी पोहोचले तेव्हा चार वाजून सात मिनिटं झाली होती. आतल्या कारकुनानं काच ओढून घेतली होती. ताईंनी काचेवर टकटक केली. सोमवारी या, तो म्हणाला, सकाळी आठला, लवकर आलात तर नंबर लागेल. ताईंनी सांगितलं की मूल आजारी आहे. त्यानं मुलाकडे पाहिलं. मूल आईच्या खांद्यावर शांत, डोळे उघडे, ताप नाही, रडणं नाही. तातडीचा विभाग तिकडे आहे, पण याला तिथंही परत पाठवतील, असं तो जरा सहानुभूतीनंच म्हणाला.

ताई वाद घालायच्या स्वभावाच्या नव्हत्या. त्यांनी आईच्या हातातला फोन घेतला, काचेला टेकवला आणि चित्रण सुरू केलं.

कारकून आधी कपाळाला आठ्या घालून बघत होता. मग त्यानं मागं वळून कुणाला तरी हाक मारली. एक परिचारिका घरी निघायच्या तयारीत, खांद्याला पर्स लावून उभी होती. ती येऊन वाकली. दहा सेकंदही तिनं पाहिलं नसेल. काच सरकवून तिनं ताईंच्या हातातून फोन घेतला, हे किती दिवसांपासून होतंय विचारलं, आणि उत्तर ऐकून फोन घेऊन आत पळाली.

त्यानंतर सगळं वेगानं झालं. एक तरुण डॉक्टर आला, त्यानं चित्रण दोनदा पाहिलं. मुलाच्या डोक्याला तारा लावून मेंदूची तपासणी झाली. आई आत होती. बाहेरच्या बाकावर आजोबा आणि ताई. संध्याकाळी डॉक्टरनं येऊन सांगितलं की तोच आजार आहे, औषध आजच सुरू करायचं, दोन आठवडे अवघड जातील. मूल फुगेल, चिडेल, सारखं भुकेलं राहील. झटके थांबतील अशी आशा आहे, खात्री नाही. थांबले तरी पुढं काय आणि किती परत येईल ते आज सांगता येणार नाही. अजून उशीर झाला असता तर बोलणंच वेगळं झालं असतं, एवढं मात्र तो म्हणाला.

डॉक्टर गेल्यावर आजोबा बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत बसले.

"बारा दिवस मी हसत होतो," ते म्हणाले. "शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं मी."

ताईंना त्यांची समजूत घालता आली असती. तसे शब्द त्यांच्याकडे होते, प्रशिक्षणात शिकवलेले.

"पहिल्या दोनदा मीही हसले, आजोबा," त्या म्हणाल्या. त्यावर आजोबांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

पुढचे दिवस आकड्यांचे होते. आई रोज संध्याकाळी ताईंना फोन करून दिवसभराचे झटके सांगायची. सत्तर. चौसष्ट. पुन्हा सत्तर. मुलाचा चेहरा फुगून ओळखू येईनासा झाला. ते तासन्‌तास रडायचं. जावई काम सोडून आला आणि रुग्णालयाच्या जिन्यात झोपू लागला. सहाव्या दिवशी एकतीस. सातव्या दिवशी फोन आलाच नाही, आणि ताई त्या रात्री काहीबाही विचार करत चार वेळा पाणी प्यायल्या. सकाळी कळलं की आईच्या फोनचं चार्जिंग संपलं होतं. नवव्या दिवशी पाच. अकराव्या दिवशी आई म्हणाली, एकही नाही, आणि दोघीही लगेच गप्प झाल्या, जणू मोठ्यानं बोललं तर परत येतील. दोन आठवड्यांनी पुन्हा तारा लावून तपासलं, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसला.

इकडे कार्यालयात ताईंना बोलावणं आलं होतंच. कामाच्या जागी आईला गाठलं, आजोबांचा विरोध असताना घरात गेल्या, परवानगीशिवाय रुग्णालयात सोबत गेल्या. तिन्हींचं लेखी स्पष्टीकरण हवं होतं. ताईंनी रात्र जागून ते लिहिलं. कारणं दिली नाहीत, सबबी दिल्या नाहीत. कोणत्या दिवशी किती वाजता काय पाहिलं आणि काय केलं, एवढंच. मोठ्या बाईंनी तो कागद त्यांच्यासमोर वाचला. नियमाप्रमाणे दुसरं पत्र द्यावं लागेल, म्हणाल्या. दिलंही. मग दार लावून घेऊन त्यांनी विचारलं की ते चित्रण मला दाखवाल का. पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या की तीन आठवडे थांबा असं मी म्हणाले होते, ते मला आता झोपू देणार नाही. नव्या कार्यकर्तींच्या प्रशिक्षणात हे दाखवायला घरच्यांची संमती मिळेल का, ते त्यांनी विचारून यायला सांगितलं. ठरलेल्या डॉक्टरांची वाट न बघता सरळ रुग्णालयात पाठवण्याचे प्रसंग कोणते, त्याची यादीही त्याच महिन्यात निघाली.

आईनं संमती दिली. फक्त बाबांचा आवाज काढून टाका, म्हणाली, त्यांना बरं नाही वाटणार. आजोबा दारात उभे राहून ऐकत होते. होयबा हा शब्द त्या शुक्रवारनंतर त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

"आवाज राहू दे," ते म्हणाले. "मी काय विचारलं ते लोकांना ऐकू दे. त्यावरूनच तर कळतं."

मूल सावकाश परत आलं. सगळं आलं नाही. आजोबांच्या चष्म्यावर पहिल्यांदा हात पडला तेव्हा ते अकरा महिन्यांचं होतं, आणि आजोबांनी मोडलेली काडी दुरुस्त न करता दोन महिने दोऱ्यानं बांधून वापरली. बसायला वर्ष लागलं, चालायला पावणेदोन वर्षं. ताई आता दर आठवड्याला येत. पावलं टाकायला, चेंडू पकडायला, शब्द काढायला काय काय करायचं ते आजोबांनी एका वहीत उतरवून घेतलं होतं आणि ते त्यात कसूर करत नसत. कधी कधी फारच करत. मग ताईंना सांगावं लागायचं की आजोबा, त्याला जरा कंटाळूही द्या.

मुलाला तीन वर्षं पूर्ण झाली त्या आठवड्यात ताईंची शेवटची भेट होती. संस्थेचा नियमच तसा. तीन वर्षांनंतर यादीतून नाव निघतं. त्याला आता वीसेक शब्द येत होते. त्याच्या वयाच्या मुलांना शेकड्यानं येतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. एका बालवाडीनं त्याला घ्यायचं कबूल केलं होतं आणि आज तिथं पहिल्यांदा जायचं होतं.

आजोबा पाण्याची बाटली भरायला आत गेले, तेव्हा आईनं ताईंना विचारलं. बहुतेक दोन वर्षं ती हे विचारायचं ठरवत असावी.

"ते बारा दिवस गेले नसते, तर तो इतर मुलांसारखा झाला असता का?"

आतला नळ बंद झाला. आजोबा ऐकत होते.

"माहीत नाही," ताई म्हणाल्या. "डॉक्टरांना मी विचारलं होतं. त्यांनाही नाही सांगता आलं. कदाचित हो. कदाचित तरीही असंच झालं असतं."

आईनं मान खाली घातली. खोटं सांगितलं नाहीत ते बरं केलंत, असं थोड्या वेळानं म्हणाली. आजोबा बाटली पुसत बाहेर आले आणि कुणाकडे न बघता त्यांनी ती पिशवीत ठेवली.

मूल दारापाशी फरशीवर बसलं होतं. त्याच्या पुढ्यात नवे बूट होते. त्यानं उजवा बूट डाव्या पायात घालायला घेतला, टाच अडकली, बूट निसटला. पुन्हा घेतला. बालवाडीची वेळ होत आली होती. जावई आज मुद्दाम रजा घेऊन आला होता. तो पुढं वाकला, पण ताईंनी त्याच्या बाहीला हात लावला तसा थांबला. चौघं मोठी माणसं अरुंद दारात एकमेकांना चिकटून उभी राहिली. मुलानं बूट उलटा करून आत पाहिलं, जीभ बाहेर काढली, आणि पाय आत घालून जमिनीवर आपटायला सुरुवात केली.